पायाखालची माती
(नभोवाणीवरील भाषण)



बाजारांत मडकें घेतांना आपण तें वाजवून घेतों. परंतु ज्या भूमीवर आयुष्याची पुंजी ओतून घर उभारावयाचें, ती मात्र बहुधा न वाजवितांच घेतों. ही चूक मीं स्वतः केलेली आहे. म्हणूनच तिच्याविषयीं चार शब्द बोलण्याचें धाडस करीत आहें.

मी ज्या शाळेंत शिक्षक होतों, तेथें चार नव्या वर्गखोल्या बांधण्याचें ठरलें. इमारत समितींत मीहि होतों. प्रवेशद्वाराजवळ एक खड्डा खणून पाहिला, तों चार फुटांवर पिवळा मुरूम लागला. सर्वांचें समाधान झालें. एका वृद्ध सभासदांनीं दुसऱ्या टोकासहि एक खड्डा घ्यावा असें सुचविलें. पण सुट्टी संपण्यापूर्वीं काम उरकावयाचें होतें. "जमीन ती एकच, चार पावलांवर ती काय बदलणार?" असें बोलून मींच तो विषय संपविला.

तिसऱ्या उन्हाळ्यांत शेवटच्या खोलीच्या भिंतीस तिरपी भेग पडली. पावसाळ्यांत ती मिटे, चैत्रांत पुन्हां उघडे. मुलें तींत कागदाच्या घड्या सारून ठेवीत. पुढें चौकट वांकडी होऊन दार लागेना, तेव्हां बाजूस खणून पाहिलें. त्या टोकास मुरूम बारा फूट खोल होता आणि वर सारी काळी माती होती. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली कीं आकसते. तिच्यावर ठेवलेला उथळ पाया दर वर्षीं तिच्याबरोबर वर उचलला जातो आणि खालीं बसतो. ती खोली अखेरीस पाडावी लागली. दुसरा खड्डा घेण्यास दोन मजुरांचे दोन-तीन दिवस पुरले असते.

एका जागीं पाहून सगळ्या भूमीविषयीं निर्णय देऊं नये, हा धडा मीं असा शिकलों. परंतु योग्य जागीं पाहूनहि पुरेसें खोल न पाहिल्यास काय होतें, याचें उदाहरण कॅनडा देशांत घडलें आहे.

विनिपेग शहराजवळ ट्रान्सकोना येथें १९११ सालीं रेल्वेचें एक प्रचंड धान्यकोठार बांधावयास घेतलें. दहा लक्ष बुशेल धान्य मावेल अशीं काँक्रीटचीं उंच पेवें, आणि त्यांच्याखालीं सुमारें ७७ फूट रुंद व १९५ फूट लांब असा एकसंध काँक्रीटचा तळ. बांधणारे निष्काळजी नव्हते. पायाच्या खड्ड्याच्या तळाशीं लहानशा जागेवर भार देऊन त्यांनीं मातीची परीक्षा केली होती, व तींत माती उत्तीर्णहि झाली होती. १८ ऑक्टोबर १९१३ रोजीं, आंत सुमारें पावणेनऊ लक्ष बुशेल गहूं भरला असतां, कोठार खचूं लागलें. तासाभरांत तें एक फूट खालीं गेलें. मग पश्चिमेकडे कलूं लागलें, आणि २४ तासांत सुमारें २७ अंश तिरपें होऊन थांबलें. नवल हें कीं, पेवें फुटलीं नाहींत. पुढें धान्य काढून, खालीं खडकापर्यंत खांब उतरवून, तें कोठार सरळ करण्यांत आलें. दोष इमारतीचा नव्हताच.

मग परीक्षेनें दगा कां दिला? भाराचा दाब जमिनींत किती खोल जाणवतो, हें त्या भाराच्या रुंदीवर अवलंबून असतें. रुंदीच्या साधारण दीडपट ते दुप्पट खोलीपर्यंत तो ठळकपणें पोहोंचतो. एक फुटी पाट मातीवर ठेवून भार दिला, तर आपण फार तर दोन फूट माती तपासली. पण ७७ फुटी तळाचा दाब कितीतरी खोल जाणार! दुधावरील सायीवर तिळाचा दाणा ठेवला तर तो वरच राहतो. वाटी ठेवली तर सायीसकट खालीं जाते. ट्रान्सकोना येथें वर घट्ट चिकणमाती होती, आणि तिच्याखालीं मऊ. १९५१ सालीं तेथें खोल छिद्रें घेऊन तपासणी झाली, तेव्हां त्या मातीच्या शक्तीचें गणित कोठार ज्या भाराखालीं कललें त्याच्याशीं जुळलें. १९१३ सालीं हें गणित करणारें शास्त्रच बाल्यावस्थेंत होतें. कार्ल तेर्झागी यांचा मृत्तिकेच्या यांत्रिकीवरील पायाभूत ग्रंथ १९२५ सालीं निघाला. आज मात्र ती सबब उरलेली नाहीं.

कोणी म्हणेल, माती खोलून वर काढावी आणि प्रयोगशाळेंत पाठवावी. तसेंहि करतात, व तें अवश्य आहे. परंतु सैल वाळू वर काढतांना तिच्या कणांची मूळची मांडणी मोडते. मऊ चिकणमाती हाताळली कीं आपली बरीच शक्ति गमावते. नाडी रोग्याच्या मनगटावरच पाहावी लागते, त्याप्रमाणें मातीचे कांहीं गुण ती जेथें आहे तेथेंच तपासावे लागतात.

त्याची सर्वांत रूढ रीत अगदीं सोपी आहे. जमिनींत छिद्र पाडून तळाशीं एक जाड पोलादी नळी टेकवितात, आणि ६३.५ किलोग्रॅम वजनाचा हातोडा ७५ सेंटिमीटर उंचीवरून तिच्या दांड्यावर पुनःपुन्हां सोडतात. पहिले १५ सेंटिमीटर नळी नीट बसण्यासाठीं सोडून देतात. पुढचे ३० सेंटिमीटर आंत जाण्यास किती ठोके लागले तें मोजतात. वाळूंत दहांहून कमी ठोके लागले तर ती सैल समजावी. तिसांहून अधिक लागले तर घट्ट. थोडें खोल जाऊन पुन्हां तेंच. नळींत आलेली माती पाहावयास मिळते, आणि छिद्रांत पाणी कोठवर चढतें तेंहि कळतें.

फार मऊ चिकणमातींत हातोडा उपयोगी नाहीं. तेथें चार पात्यांची फिरकी खालीं दाबून पिळतात. माती कापली जाण्यास जो पीळ लागतो, त्यावरून तिची शक्ति ठरते. हॉलंडसारख्या मऊ भूमीच्या देशांत पोलादी शंकु सावकाश खालीं दाबून त्याला होणारा विरोध मोजण्याची रीत रुजली, व आतां ती सर्वत्र वापरांत आहे. पाटावर भार देण्याची जुनी परीक्षाहि टाकाऊ नव्हे. तिची नजर किती खोल जाते एवढें मात्र विसरूं नये.

आपणांपैकीं पुष्कळजण स्वतः पाया खणणार नाहींत. तयार सदनिका घेतील. मुंबईसारख्या शहरांत पुष्कळ वस्ती समुद्र व खाड्या बुजवून झालेल्या जमिनीवर उभी आहे. दख्खनच्या पठारावर काळ्या मातीची खोली एकाच आवारांत बदलते. फरशीचा रंग विचारतांना आणखीहि थोडें विचारावें: माती परीक्षणाचा अहवाल आहे काय? छिद्रें किती घेतलीं, कोठें घेतलीं, आणि इमारतीच्या रुंदीच्या मानानें किती खोल नेलीं? पाणी कितीवर लागलें? पाया कोणत्या थरावर ठेवला? अहवालांतील आंकडे आपणांस न कळले, तरी ते जाणत्या अभियंत्यास दाखवितां येतात.

त्या वृद्ध सभासदांना या शास्त्रांतील एकहि संज्ञा ठाऊक नव्हती. त्यांनीं फक्त दुसरा खड्डा मागितला होता. आपल्या घराच्या वेळीं असें कोणी सुचविलें, तर मीं केलें तसें त्याला गप्प बसवूं नका, एवढीच विनंति करून आपली रजा घेतों.