चमच्याच्या चोचीचा पाहुणा



बांगलादेशाच्या कॉक्सबाजार जिल्ह्यात सोनादिया नावाचे बेट आहे. हिवाळ्यात तेथे ओहोटी लागली की विस्तीर्ण चिखलपट्टा उघडा पडतो आणि त्यावर छोट्या करड्या पक्ष्यांचे थवे उतरतात. त्यांत चमच्यासारख्या चोचीचा एखादा तुतवार शोधणे ही पक्षिनिरीक्षकाच्या संयमाची कसोटीच होय. आपल्या खाड्यांवर हिवाळ्यात येणारा टिलवा आणि तो, यांच्या रूपात फारसा फरक नसतो. आकार चिमणीएवढा, पाठ करडी, पोट पांढरे. चोचीचे टोक रुंद खरे. परंतु बाजूने पाहता ती इतरांसारखीच काळी व सरळ दिसते. पक्षी समोर तोंड करील तेव्हाच खूण पटते, आणि तो तर मान खाली घालून अखंड चरत असतो! म्हणून जाणकार चोचीआधी त्याची चाल पाहतात. टिलवा टोचत टोचत पुढे सरकतो. हा मात्र उथळ पाण्यात चोच बुडवून ती दोन्ही बाजूंना हलवीत चालतो. शेकडो पक्षी दुर्बिणीतून डोळ्यांखालून घालावेत, तोच भरती येते आणि थवा उडून जातो. अशा दिवशी नोंदवहीत शून्य लिहावे लागते. त्या शून्यालाही मोल असते.

हा पाहुणा जन्मतो रशियाच्या अतिपूर्वेकडील चुकोत्का व कामचात्का किनाऱ्यांवर. तेथून सुमारे ८,००० किलोमीटरचा प्रवास करताना तो पीत समुद्राच्या चिखलपट्ट्यांवर विसावतो. दक्षिण कोरियातील सेमानग्युम येथे ३३ किलोमीटर लांबीची समुद्रभिंत २००६ साली पूर्ण झाली आणि असा एक मोठा विसावा नाहीसा झाला. २००८ साली या पक्ष्याची गणना अतिसंकटग्रस्तांत झाली. साऱ्या जगात ते हजाराहूनही कमी उरले आहेत.

हिवाळी मुक्कामी त्यास खरा धोका जाळ्यांचा होता. सोनादियावर आणि म्यानमारमधील मोट्टामाच्या आखातात गरीब कुटुंबे मोठ्या पक्ष्यांसाठी जाळी लावीत. त्यांत हा तीस-एक ग्रॅम वजनाचा जीवही अडके. पोटासाठी जाळे लावणाऱ्यास नुसता उपदेश करून काय साधणार? संवर्धकांनी दोन्ही ठिकाणी शिकाऱ्यांस मासेमारीची वा अन्य उपजीविकेची साधने मिळवून दिली, आणि अनेकांनी शिकार सोडली. जाळे कोठे लावावे हे ज्यांस ठाऊक, त्यांनाच पक्षी कोठे उतरतो हेही नेमके ठाऊक असते.