आभाळातून आलेलं जातं
(रेडिओवरील भाषण)

पहिल्या महायुद्धातली, 1916 सालच्या सुरुवातीची गोष्ट. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, टायग्रिस नदीच्या वळणात कुत-अल-अमारा नावाचं गाव आहे. तुर्की फौजेने त्याला वेढा घातला होता. त्या गावात इंग्रजांच्या विमानांनी जात्याचे दगड टाकले. दारूगोळा नव्हे, जात्याचे दगड. आत जव होता, पण एवढ्या तोंडांना पुरेल इतकं पीठ करायची सोय नव्हती. म्हणून दळणाचे दगड आभाळातून पाठवावे लागले.

त्या पिठाची वाट पाहणाऱ्यांत आपली माणसं होती. वेढ्यात सापडलेल्या फौजेचं नावच सहावी पूना डिव्हिजन. तिच्यातल्या तीन मराठा पलटणी आत होत्या: 103 वी, 110 वी आणि 117 वी. खडकीच्या बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्सच्या कंपन्या होत्या. 1914 च्या ऑक्टोबरात मुंबई बंदरातून या डिव्हिजनच्या पहिल्या तुकड्या निघाल्या, नोव्हेंबरात त्यांनी बसरा घेतलं, मग नदी धरून वर वर सरकत बगदादच्या दाराशी, टेसिफोनपर्यंत, त्या पोचल्या. तिथे मार बसला आणि माघार घेत त्या 3 डिसेंबर 1915 ला कुतला आल्या. पुढचा वेढा 147 दिवसांचा. एवढा इतिहास पाठ्यपुस्तकातही सापडतो, तो इथेच सोडू.

पाठ्यपुस्तकात न सापडणारी गोष्ट अशी की शिपाई त्या 147 दिवसांत रोज काय जेवला. लढाईचं नाव निघालं की आपण सनावळ्या सांगतो, सेनापतींची नावं सांगतो, कोण कुठल्या बाजूने चाल करून आला ते सांगतो. पण रणावर गेलेल्या माणसाचा दिवस मोजायचा तर भाकरीनेच मोजावा लागतो. बंदूक तो काही दिवस चालवतो, जेवावं मात्र रोज लागतं. हा मुद्दा आज दोन-तीनदा कानावर पडेल. पडू द्या, कारण तोच सर्वांत आधी विसरला जातो.

दिवस उजाडण्याआधी सुरू व्हायचा. पहाटेच्या अंधारात हल्ल्याची भीती जास्त, म्हणून सगळे बंदुका घेऊन खंदकात उभे. उजेड झाला की पलीकडचे नेमबाज टिपायला बसलेले. नदी हाकेच्या अंतरावर, पण पाण्याला जाणं म्हणजे जिवाशी गाठ. भिश्ती अंधारात जायचे आणि त्यांतले काही परतायचे नाहीत. वेढ्यात घरचं टपाल बंद. दुपारी तोफा, रात्री खणणं. डिसेंबर-जानेवारीची थंडी आपल्याकडच्या माणसाला न सोसणारी, त्यात पाऊस, आणि जानेवारीत नदी चढून पुढच्या खंदकांत पाणी शिरलं. गुडघाभर चिखलात उभं राहून माणूस काय विचार करत असेल? तुपाचा. डाळीचा. चुलीच्या उबेचा. जळणाचीही टंचाई होतीच.

हिंदी शिपायाला मोहिमेवर रोजचा आटा दीड पौंड, म्हणजे जवळजवळ 680 ग्रॅम ठरलेला असे. त्याबरोबर डाळ, तूप, गूळ. कुतमध्ये एकेक जिन्नस कमी होत गेला. गहू आटत गेला, त्याची जागा जवाने घेतली. एप्रिलमध्ये माणशी पीठ 4-5 औंसांवर आलं, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. आपल्या घरात दोन भाकऱ्या थापायला लागतं तेवढं पीठ, आणि त्यावर अख्खा दिवस. आणि वर रात्रभर खणायचं.

आता जरा घराकडे येऊ. जुन्या खटल्याच्या घरात धान्य कणगीत असे, आणि किल्ली कारभारणीच्या कमरेला. आषाढ लागला की ती शहाणी बाई पहिल्यांदा कणगीत हात घालून पाहत असे: किती आहे, किती तोंडं आहेत, नवं पीक केव्हा येईल. मगच चिपटं-मापटं ठरायचं. अंदाजाने बोलून ती भावांना निरोप धाडत नसे, की धान्य संपलंय, असाल तसे धावत या.

कुतच्या खटल्यात नेमकं तेच झालं. लढणारे साडेअकरा हजारांच्या आसपास, शिवाय भिश्ती, लांगरी, खेचरवाले असे तीन-साडेतीन हजार, आणि गावातले सहा हजारांच्या आसपास अरब रहिवासी. कारभारी जनरल टाऊनशेंड. त्यांनी डिसेंबरात वरिष्ठांना कळवलं की गोऱ्या सैनिकांपुरतं अन्न महिनाभर आणि हिंदी शिपायांपुरतं दोनेक महिने पुरेल. कणगीत हात घालून पाहिलंच नव्हतं. घराघरांची झडती जानेवारीच्या उत्तरार्धात झाली, अर्धं रेशनही तेव्हाच सुरू झालं, आणि तेव्हा कळलं की गावात जवाचे मोठे साठे आहेत. बेताने वाटलं तर एप्रिलपर्यंत तग धरता येईल.

तोवर काय झालं होतं? धान्य संपत आलं हा निरोप ऐकून सोडवायला निघालेली फौज असेल तशी, तोफखाना पुरता जमायच्या आत, दवाखान्याची तयारी नसताना पुढे लोटली गेली. शेख साद, वादी, हन्ना. जानेवारीतच या तीन लढाया झाल्या आणि चिखलात माणसं पडत राहिली. सुटकेच्या एकूण प्रयत्नांत सुमारे 23,000 माणसं मेली किंवा जायबंदी झाली, म्हणजे आत अडकलेल्या फौजेहून कितीतरी जास्त. आणि हे सारं एका कणगीपायी. म्हणून पिठाची गोष्ट ही लढाईतली फुटकळ गोष्ट नव्हे. रसद म्हणजे बायकी हिशेब, असं समजणाऱ्यांनी कुतचा तपशील एकदा मुद्दाम वाचावा.

घोड्याच्या मांसाबद्दल बोलायलाच हवं. जानेवारी संपता संपता तोफखान्याची आणि गाड्यांची जनावरं कापायला सुरुवात झाली. एक तर त्यांच्या दाण्यावर माणसं जगवायची होती, आणि दुसरं, मांस मिळणार होतं. गोऱ्या सैनिकांनी ते खाल्लं. बहुतेक हिंदी शिपायांनी नाकारलं. टाऊनशेंड यांनी बिनतारी संदेश पाठवून हिंदुस्थानातल्या हिंदू आणि मुसलमान धर्माधिकाऱ्यांकडून परवानगी मिळवली, ती शिपायांना वाचून दाखवली, तरी कितीतरी आठवडे बहुतेक जण तयार नव्हते. एप्रिलमध्ये, पीठ मुठीवर आल्यावर, त्यांनी खायला सुरुवात केली.

काही इंग्रजी लेखनात याला आडमुठेपणा म्हटलं आहे. तो शब्द अन्यायाचा आहे. परवानगीचा कागद शिपायाने ऐकला, पण गावातल्या पंगतीला तो कागद कोण दाखवणार? परत गेल्यावर आपल्या घरात सोयरीक कोण करील, ही भीती त्या वेळी बोलून दाखवली गेली होती आणि ती खरी होती. मराठा शिपायाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. मांसाहार त्याला नवा नव्हता. पण ज्या घरात दसऱ्याला घोड्याला हळद-कुंकू लावतात, ज्याच्या देव्हाऱ्यातला खंडोबा घोड्यावर बसलेला आहे, त्याला तेच जनावर ताटात वाढायचं म्हणजे काय, हे खुर्चीत बसून सांगता येत नाही. भूक आणि अब्रू यांच्या मध्ये तो दोन-अडीच महिने उभा राहिला. त्याची किंमत त्याने शरीराने मोजली.

ती किंमत डॉक्टरांनी टिपून ठेवली आहे. वैद्यकीय अधिकारी कर्नल पॅट्रिक हेहिर यांच्या नोंदी आजही आहारशास्त्रात महत्त्वाच्या मानल्या जातात. गोऱ्या सैनिकांना पांढऱ्या मैद्याचा पाव मिळत होता, तोवर त्यांच्यात बेरीबेरी झाला; हिंदी शिपाई कोंड्यासकटचा आटा खात असल्यामुळे त्यांच्यात तो दिसला नाही. उलट ताजं मांस आणि भाजी नसल्यामुळे हिंदी शिपायांना स्कर्व्हीने गाठलं: हिरड्या सुजायच्या, जखमा भरायच्या नाहीत, पाय उचलायचे नाहीत. गोऱ्यांनाही पुढे जवाचं भरडं पीठ मिळू लागल्यावर बेरीबेरी ओसरला. कोंड्यात जीव आहे हे जात्यावर बसणाऱ्या बाईला ठाऊक होतं. वैद्यकशास्त्र ते त्याच काळात शिकत होतं.

हिरवं काही मिळावं म्हणून शिपाई खंदकांच्या आसपास उगवलेला पाला खुडून शिजवायचे. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर बायका टाकळा, कुर्डू खुडायला जातात, तसंच. फरक इतकाच की टाकळा कुठला आणि त्याच्यासारखा दिसणारा विषारी कुठला हे सांगणारी आजी तिथे नव्हती. ब्रिगेडियर जनरल हॉटन, म्हणजे 103 वी पलटण ज्या ब्रिगेडमध्ये होती तिचे प्रमुख, एप्रिलमध्ये असाच पाला खाण्यात आल्याने दगावले. ब्रिगेडच्या प्रमुखाची ही गत, तर साध्या शिपायांचं काय झालं असेल ते कुणी मोजलं असेल का?

एप्रिलच्या मध्यापासून विमानांतून धान्याची पोती टाकायला सुरुवात झाली. वेढलेल्या फौजेला विमानातून अन्न पोचवण्याचा जगातला हा पहिला मोठा प्रयत्न. विमानं लहान, ओझं थोडं, काही पोती नदीत पडली, काही शत्रूच्या खंदकांत. दोन आठवड्यांत आलं ते जेमतेम काही टन. 24 एप्रिलच्या रात्री जुलनार नावाची आगबोट सुमारे 270 टन रसद घेऊन नदीतून यायला निघाली आणि वाटेतच तुर्कांच्या हाती पडली. पाच दिवसांनी, 29 एप्रिल 1916 ला, कुतने शरणागती पत्करली. तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली, त्यांतली बहुसंख्य हिंदी.

पुढची कैद हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे, आणि समोरचं घड्याळ तेवढी मुभा देत नाही. एवढंच सांगायला हवं की तिथेही पहिला घाव अन्नाचाच होता. शुमरानच्या छावणीत उपाशी माणसांच्या हातात दगडासारखी कडक, काळपट बिस्किटं पडली. महिनोन्‌महिने मुठीवर जगलेल्या पोटांनी ती अधाशासारखी खाल्ली आणि त्या खाण्याने माणसं गेली. मग वाळवंटातली चाल, बगदाद, समारा, रास-अल-ऐन, लोहमार्गाचं काम... असो. टाऊनशेंड यांना इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला.

वेळ थोडाच उरला आहे, तेव्हा मुख्य मागणं. बसऱ्याजवळ या आघाडीवर मेलेल्यांचं स्मारक आहे, चाळीस हजारांहून जास्त माणसांचं. त्यावर इंग्रज सैनिकांची नावं कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली गेली, पण साध्या हिंदी शिपायांची नावं दगडावर आलीच नाहीत. तिथे पलटणीच्या नावापुढे फक्त आकडा आला. आपल्याकडेही सातारा-रत्नागिरीकडच्या काही गावांत त्या युद्धाच्या पाट्या आहेत: गावातून इतके गेले, इतके पडले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावाचे 46 जण पहिल्या महायुद्धात गेले असं सांगतात. पुन्हा आकडाच.

बंगालने काय केलं ते पाहा. बेंगॉल ॲम्ब्युलन्स कोअरमधले शिशिरप्रसाद सर्वाधिकारी कुतमध्ये होते, पुढे कैदेत गेले. त्यांनी आपल्या रोजनिशीची पानं फाडून बुटात लपवली, त्यावरून पुढे पुस्तक लिहिलं आणि 1957 मध्ये ते बंगालीत छापलं. त्यामुळे एका माणसाची भूक, एका माणसाचा चिखल आज वाचता येतो. कुतमधल्या मराठी शिपायाच्या हातचं असं पुस्तक आपल्या घराघरांत पोचलेलं नाही. बहुतेकांना लिहिता येत नव्हतं हे खरं, पण सांगता तर येत होतं. त्यांनी सांगितलं असेल, आणि घरच्या बायकांनी ऐकलं असेल. आजोबा बसऱ्याला गेले होते, एवढं एक वाक्य कितीतरी घरांत अजून आहे. त्या वाक्याच्या मागे बसलेला माणूस ताटात पीठ किती आणि कोंडा किती हे पाहत होता. बसऱ्याला ते काय खात होते, हे त्या घरांतल्या लेकरांनी विचारलं का?

म्हणून ही विनंती. घरात जुनी पत्र्याची ट्रंक असेल तर ती उघडा. त्यात त्या युद्धाचं चांदीचं पदक सापडण्याचा संभव आहे. ते मोडीत देऊ नका. त्या पदकाची कड उजेडात धरा. तिच्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. ती वहीत उतरवून घ्या. मग घरात किंवा भावकीत जी सर्वांत वयस्कर आजी, आत्या, चुलती असेल तिच्याजवळ बसा, आणि लढाईचं काही न विचारता आधी एवढंच विचारा: परत आल्यावर ते जेवायला बसले की काय मागत, आणि कशाला हात लावत नसत? ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत, त्याच पानावर, नंबराच्या खाली लिहून ठेवा.