मनाबद्दल बोलण्याआधी खोली बघू



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, मानसोपचारतज्ज्ञ नाही. त्यामुळे मनाच्या आजारांवर व्याख्यान देणार नाही. लॉकडाऊनमध्ये आपल्या विद्यार्थ्यांवर नेमका कशाचा भार होता, एवढंच मांडतो. सर्व्हर बंद पडला की त्यावर लोड किती होता, हे आम्ही आधी तपासतो. मुलगा किंवा मुलगी खचली की मात्र आपण लगेच म्हणतो, ‘मनाने कमजोर आहे.’ लोड कुणी तपासत नाही.

२५ मार्च २०२०पासून देश बंद झाला आणि वर्ग मोबाइलवर आले. पण २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशात इंटरनेटची सोय होती शंभरातल्या सुमारे २४ घरांत. ग्रामीण भागात तर १५च. संगणक होता जेमतेम ११ घरांत.

आता भिवंडी-मालेगावातलं यंत्रमाग कामगाराचं घर डोळ्यांसमोर आणा. माग बंद, म्हणून मजुरी बंद. एका खोलीत सहा-सात माणसं. स्मार्टफोन एकच, तोही अब्बूंचा. भावाचा आणि बहिणीचा तास एकाच वेळी. फोन कुणाला मिळाला असेल, हे या सभागृहातल्या मुलींना सांगायला नको.

त्या काळात मी काही मुलांना ऑनलाइन प्रोग्रॅमिंग शिकवत होतो. एक जण कायम माइक बंद ठेवायचा. विचारलं तेव्हा त्याने मेसेज केला, ‘भाईजान, जिन्यात बसलोय. घरात आवाज आहे आणि इथं बोललो तर शेजारी ओरडतात.’ कॉलेजात त्याच्या नावावर शेरा होता : वर्गात सहभाग नाही.

त्यात परीक्षेची टांगती तलवार. ६ जुलैला यूजीसीने सांगितलं, अंतिम वर्षाची परीक्षा सप्टेंबरअखेर घ्या. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. परीक्षेशिवाय पदवी नाही, हे २८ ऑगस्टला ठरलं. निर्णय योग्य की अयोग्य, तो वेगळा विषय. पण तोवर कॅम्पसमधून मिळालेली नोकरी टिकेल का, गावी परतावं का, काहीच ठरवता येत नव्हतं.

आपल्या मुलांवर आणखी एक भार होता. मार्चअखेर दिल्लीच्या मरकझची बातमी आली आणि समाजमाध्यमांवर सगळा समाजच रोग पसरवणारा ठरला. वर्गाच्या ज्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नोट्स यायच्या, त्याच ग्रुपवर हे मेसेज येऊ लागले. ग्रुप सोडला तर नोट्स गेल्या. थांबलं तर रोज अपमान. २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याची शक्यता नोंदवली. पण तो निकाल किती ग्रुपवर फॉरवर्ड झाला?

दोस्तांनो, एवढ्या भाराखालच्या मुलाला आपण काय दिलं? ‘सब्र कर.’ सब्र मोठी गोष्ट आहे. पण ज्याला रात्ररात्र झोप नाही, त्याला सब्र सांगण्याआधी विचारा, ‘जेवतोस का? झोपतोस का? बसायला जागा आहे का?’ दोन आठवडे झोप, भूक, बोलणं बिघडलेलं असेल तर डॉक्टरकडे न्या. ताप आला की आपण दुआही करतो आणि गोळीही घेतो; इथंही तसंच. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं. कुणी जीव देण्याचा प्रयत्न केला, तर पोलिसांच्या भीतीने लपवू नका, आधी दवाखान्यात न्या. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरलं जातं. तिला शिक्षा करायची नाही, तिची काळजी घ्यायची ही सरकारची जबाबदारी आहे.

लॉकडाऊन उठला, एक खोली आणि एक फोन तसेच राहिले. म्हणून आज एकच काम मागतो. आपल्या मोहल्ल्यातला शादीखाना लग्न नसेल त्या दिवशी रिकामा असतो. जमातीच्या जबाबदार लोकांना भेटा. संध्याकाळी चार तास दिवे, पंखे आणि वाय-फाय मागा. मुलींसाठी वेळ आधी ठरवा, उरलेला मुलांना द्या. आणि तिथं रोज येणारं एखादं पोर चार दिवस दिसलं नाही, तर त्याच्या घरी जाऊन या.