शालेय मुलांचे बलसंवर्धन



नवी मुंबईतील करावे हे मूळचे आगरी-कोळ्यांचे गाव. वल्हे मारणे, जाळे ओढणे, चिखलणी करणे, भाताचे भारे वाहणे या कामांतच तेथील मुलांचे खांदे, पाठ व मांड्या घडत. निराळ्या व्यायामाची वाण कुणास भासत नसे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, जमिनी संपादित होऊन शहर वसले. कष्ट हलके झाले हे इष्टच. परंतु त्यांतून मिळणारे बळही ओसरले. शहराच्या वेशीवर आलेल्या प्रत्येक गावातील शाळेपुढे आता हाच प्रश्न आहे.

बळ म्हणजे केवळ फुगलेले दंड नव्हेत. कबड्डीत पकड टिकते ती मांड्यांच्या व कमरेच्या जोरावर. बळकट स्नायू सांध्यांना आधार देतात, हाडे दृढ होतात, दुखापत कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोजच्या सरासरी ६० मिनिटांच्या हालचालींत आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे.

‘जोर-बैठकांनी मुलाची उंची खुंटते’ असे पालक म्हणतात. देखरेखीखाली, बेताने केलेल्या व्यायामाने तसे होत नाही. लहान वयात स्नायू फारसे फुगत नाहीत. मज्जातंतू त्यांना अधिक नेटाने कामास लावू लागतात, म्हणून बळ वाढते.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तांबड्या मातीत घडले. १९४८ साली लंडनला मॅटची सवय नसताही ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीस त्यांनी कांस्यपदक मिळविले. मातीतल्या मेहनतीला तंत्राची जोड मिळाली.

शाळेस यंत्रे नकोत. जोर, बैठका, सूर्यनमस्कार, रस्सीखेच पुरे. ज्या मुलीस जमिनीवर जोर जमत नाही तिने ओट्याच्या कडेवर हात टेकून काढावेत. आठ-दहा नीट जमले की दोन वाढवावेत. मध्ये एक दिवस विसावा द्यावा. श्वास कोंडू देऊ नये.

एक जुनी खोड मात्र सोडावी लागेल. गृहपाठ चुकला की उठाबशा, ही शिक्षा ज्याने भोगली त्यास बैठकांची गोडी कशी लागावी? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेस मनाई केलीच आहे. तासाच्या आरंभी शिक्षकाने स्वतः पाच बैठका मुलांसमवेत काढाव्यात. मग वर्गातील मागचे बाकही उठते.