थांबा म्हणण्याचा हक्क

आरोग्यसेवेच्या प्रशासनावर कवीने बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. गझलेत एक मात्रा गळली तर शेर फसतो, एवढेच. रुग्णालयात एक पायरी गळली तर माणूस जातो. ही पायरी गळू नये म्हणून काय करता येते, याची एक खरी हकिगत आज सांगतो.

अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय आहे. अत्यवस्थ रुग्णाच्या मोठ्या रक्तवाहिनीत नळी घालावी लागते. तिच्यावाटे जंतू रक्तात शिरले तर जिवावर बेतते. तेथील डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी २००१ मध्ये एका कागदावर पाच गोष्टी लिहिल्या. साबणाने हात धुवा. रुग्णाची त्वचा जंतुनाशकाने स्वच्छ करा. त्याचे अंग निर्जंतुक कापडाने झाका. मास्क, टोपी, गाऊन आणि हातमोजे घाला. नळी बसल्यावर त्या जागी निर्जंतुक पट्टी लावा. यात नवे काहीच नाही. प्रत्येक डॉक्टर हे शिकलेला असतो.

मग परिचारिकांना महिनाभर नुसते पाहून नोंद ठेवायला सांगितले. एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांच्या बाबतीत एखादी तरी पायरी सुटत होती. डॉक्टर अडाणी नव्हते की बेपर्वा नव्हते. पण कामाच्या रेट्यात, रोजच्या सवयीच्या गोष्टीच आधी निसटतात.

यानंतर रुग्णालयाच्या व्यवस्थापनाने जे केले ते मला सर्वांत मोलाचे वाटते. डॉक्टरने पायरी गाळली तर त्याला तेथेच थांबवण्याचा अधिकार परिचारिकांना दिला. पुढे वर्षभर नोंदी ठेवल्या. नळी घातल्यापासून दहा दिवसांत होणाऱ्या संसर्गाचे प्रमाण ११ टक्क्यांवरून शून्यावर आले होते.

माझी थोरली बहीण परिचारिका होती. आम्ही तिला आपा म्हणतो. ती एकदा म्हणाली होती, ‘‘सिस्टरला सगळं दिसतं रे, पण बोलायची सोय नसते.’’ बाल्टिमोरमध्ये ही सोय केली गेली. नवे यंत्र आणले नाही, नवे औषधही नाही. ज्याला दिसते त्याला बोलू दिले.

२००४ पासून हाच प्रयोग मिशिगन राज्यातल्या शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत झाला. तेथे प्रत्येक विभागाला रुग्णालयातला एक वरिष्ठ अधिकारी जोडून दिला होता. त्याने महिन्यातून एकदा तरी प्रत्यक्ष विभागात जायचे आणि अडचणी ऐकायच्या. तेव्हा उघड झाले की, ज्या जंतुनाशकाने त्वचा स्वच्छ करायची ते एक तृतीयांश विभागांतही मिळत नव्हते! आता यात डॉक्टरला किंवा सिस्टरला किती बोल लावणार? ही अडचण खरेदीच्या कागदावर सही करणाराच सोडवू शकत होता. त्याने ती काही आठवड्यांत सोडवली. अठरा महिन्यांच्या या अभ्यासात संसर्ग ६६ टक्क्यांपर्यंत घटल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले.

आपल्याकडेही २०१५ मध्ये ‘कायाकल्प’ योजना सुरू झाली. सरकारी रुग्णालयांची स्वच्छता आणि संसर्ग नियंत्रण यांची तपासणी होते, गुण आणि बक्षिसे दिली जातात. हे चांगलेच आहे. पण तपासणीचे पथक वर्षातले काही दिवसच येते. सिस्टर, वॉर्डबॉय, सफाई कामगार रोज तेथे असतात. ते बोलले तर वर्षभर तपासणी चालते. ते बोलत नसतील, तर भिंतीवरचे सूचनाफलक नुसती शोभा ठरतात.

अधिकार कागदावर देणे सोपे असते. कसोटी नंतर लागते. सिस्टरने मोठ्या सर्जनला अडवले, सर्जन रागावून वरिष्ठांकडे गेले, तर वरिष्ठ कोणाच्या बाजूने उभे राहतात, हे सारा वॉर्ड पाहत असतो. एकदा जरी सिस्टरला झापले, तरी पुढची कित्येक वर्षे कोणी तोंड उघडत नाही.

म्हणून रुग्णालयाच्या प्रमुखांना माझी एक विनंती आहे. राउंडवर जाल तेव्हा नेहमीचे सारे विचाराच. पण जाता जाता एवढेही विचारा, ‘‘या आठवड्यात कोणी कोणाला थांबवले का?’’ कोणीच नाही, असे उत्तर आले तर समाधानाने पुढे जाऊ नका. तेथे थोडे अधिक थांबा.