गटाची पेटी आणि संगणकातले कप्पे

गेल्या वर्षी हिशेबाचं सॉफ्टवेअर बिघडलं, दुरुस्तीवाला आलाच नाही, आणि दोन महिने आपलं कर्जवाटप अडलं. तेव्हापासून आम्ही काहीजणी जावा शिकलो, आता नेटबीन्स प्लॅटफॉर्म शिकतोय. १९९६ साली प्राग शहरातल्या विद्यार्थ्यांनी नेटबीन्सची सुरुवात केली. २००० पासून त्याचा मूळ कोड खुला आहे, पैसे पडत नाहीत.

यात खिडक्या, मेनू तयार मिळतात. आपलं काम आपण कप्प्याकप्प्याने बसवायचं. या कप्प्याला म्हणतात मॉड्यूल. बचतीचं एक, कर्जाचं एक, हजेरीचं एक.

गटाची पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे असते ना, तसंच हे. कर्जाच्या मॉड्यूलला बचतीची शिल्लक हवी, तर 'मला बचतीचं मॉड्यूल लागतं' असं आधी लिहून द्यावं लागतं. तरीही बचतवाली जेवढं उघडं ठेवेल तेवढंच तिला दिसतं. उद्या व्याज उतरत्या शिल्लकेवर घ्यायचं ठरलं, तर फक्त कर्जाचा कप्पा उघडायचा. बचतीला हात लागत नाही.

शिकायला जड आहे. सुरुवातीला बरेच दिवस नुसती रिकामी खिडकीच दिसते! एकाच गटाला एवढा खटाटोप कशाला, वही बरी. पण ग्रामसंघात प्रत्येक गटाचा नियम निराळा, तिथे हे कामाचं. शिवाय इंटरनेट नसलं तरी चालतं.

कर्जाचं मॉड्यूल चालू झालंय. हजेरीचं बाकी आहे. थोडी जावा येणाऱ्या मुलींनी गुरुवारी दुपारी केंद्रावर यावं.