घराचे छप्पर आणि घराचे कागद



वर्धा आणि नागपूर यांच्या दरम्यान लोहमार्गावर वसलेल्या सिंदी गावाच्या नावापुढे 'रेल्वे' हा शब्द कंसात लिहिण्याची प्रथा आहे. त्यामुळे वर्धा शहरालगतच्या सिंदी (मेघे) शी घोटाळा होत नाही. नागपूरपर्यंत आगगाडी १८६७ साली पोहोचली, आणि या मार्गावरील गावांची दोन्ही शहरांशी ये-जा तेव्हापासून सुरू झाली. सेलू तालुक्यातील या गावाला आज नगर परिषद आहे. मुलगा नागपुरात नोकरीला, दुसरा पुण्यात, मुलगी सासरी, आणि गावात वडिलांनी बांधलेले घर कुलूप घालून उभे, ही स्थिती अशा गावातील अनेक कुटुंबांच्या परिचयाची आहे. सिंदीजवळ शुष्क बंदराचा प्रकल्प हाती घेण्यात आला आहे. एवढा मोठा प्रकल्प शेजारी आला म्हणजे जागेच्या किमतीविषयी अपेक्षा वाढणे स्वाभाविक असते. साहजिकच घर विकावे की राखावे, आणि विकायचे तर कसे, हा प्रश्न घरोघरी उभा राहतो.

विक्रीचा विचार मनात आला की घरमालक प्रथम रंगारी बोलावतो. दर्शनी भिंतीला झळाळता रंग लागतो, ओट्यावर चकचकीत फरशी बसते. गिऱ्हाईकही तेवढेच पाहून जाते. गच्चीवर कोणी चढत नाही आणि ट्रंकेतील कागद कोणी उलगडत नाही. वस्तुतः घराची खरी किंमत ठरते ती याच दोन ठिकाणी. छप्पर उन्हाला आणि पावसाला किती दाद देते, आणि कागद कायद्याच्या कसोटीला किती उतरतात, यांवर विकणाऱ्याचा भाव आणि घेणाऱ्याचे सुख दोन्ही अवलंबून आहेत.

प्रथम छपराचा विचार करू. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाणे नवे नाही, आणि नवतपा सुरू झाला की दुपारी रस्ते ओस पडतात. भर दुपारी जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सूर्याची जवळपास १००० वॉट उष्णता पडते. ८०० चौरस फुटांची गच्ची म्हणजे सुमारे ७५ चौरस मीटर. म्हणजे दोन हजार वॉटच्या विजेच्या सदतीस शेगड्या एकाच वेळी डोक्यावर पेटवून ठेवाव्यात तसा हा प्रकार होय. जुना, शेवाळाने काळवंडलेला सिमेंटचा स्लॅब यातील बहुतेक उष्णता शोषून घेतो. चार-पाच इंच जाडीच्या स्लॅबमधून ती संध्याकाळपर्यंत खाली उतरते आणि मध्यरात्र उलटली तरी खोलीत पाझरत राहते. बाहेर वारा गार झालेला असतो, आत मात्र पंखा गरम हवाच फिरवतो. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध माणसे यांच्या दृष्टीने ही केवळ गैरसोय नव्हे. उष्माघाताचा धोका रात्रीही शरीराला विसावा न मिळाल्याने वाढतो.

यावरील पहिला उपाय सर्वांत स्वस्त आहे, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. गच्ची खरवडून शेवाळ काढावे, धुऊन वाळू द्यावी, आणि रात्रभर भिजवून गाळलेल्या चुन्यात थोडा डिंक मिसळून त्याचे दोन-तीन हात द्यावेत. पांढरा पृष्ठभाग उन्हाचा मोठा भाग परत आकाशाकडे फेकतो. पावसाळ्यात हा चुना धुपतो, त्यामुळे दरवर्षी होळीच्या सुमारास तो पुन्हा द्यावा लागतो. जरा अधिक खर्च करण्याची तयारी असेल तर विटांच्या तुकड्यांचा कोबा योग्य उतार देऊन घालावा आणि त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या फुटक्या फरशांचे तुकडे बसवावेत. ही तजवीज उन्हालाही अडवते आणि पाण्यालाही. मात्र कोब्याचे वजन जुन्या स्लॅबला पेलेल काय, हे अभियंत्यास विचारल्यावाचून काम काढू नये. गळकी गच्ची आधी दुरुस्त करावी, उष्णतारोधक थर नंतर घालावा. ओला झालेला थर उष्णता अडवीत नाही, उलट सळ्यांना गंज चढवितो.

टिनाच्या घराची गोष्ट वेगळी. पत्रा क्षणात तापतो आणि क्षणात निवतो. त्याच्या खाली हातभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्याचे आढे करावे, त्यास माती-शेणाचा लेप द्यावा, आणि दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत झरोके ठेवावेत. तापलेली हवा वरच्या वर निघून जाते. थर्माकोलचे तक्ते लावण्याची पद्धत अलीकडे रूढ झाली आहे. ते उष्णता चांगली अडवितात, पण चटकन पेट घेतात आणि त्यांचा धूर घातक असतो. विजेच्या तारांच्या आणि चुलीच्या जवळ ते असू नयेत. छपरावर पऱ्हाट्या अंथरण्याचा मार्गही आगीला निमंत्रण देणारा आहे.

पश्चिमेच्या भिंतीस दुपारनंतरचे ऊन तिरपे लागते. तेथे सपरी उतरविता आली तर उत्तम. ते न जमल्यास दोडक्याचा वेल किंवा कडुनिंबाचे झाड सावलीचे काम करते. खिडक्या दिवसा बंद आणि रात्री सताड उघड्या ठेवाव्यात. कूलर लावणारी मंडळी मात्र दिवसाही एक चूक सर्रास करतात. कूलर चालू आहे म्हणून ती समोरची खिडकी लावून घेतात. ओलसर हवेला बाहेर जाण्यास वाट नसेल तर खोली दमट होते आणि घाम सुकत नाही. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी उघडी हवी.

आता मातीच्या घराविषयी. गावाच्या जुन्या वस्तीतील जाड भिंतींचे, कवेलूंचे घर विकायला काढले की त्याची किंमत शून्य धरून केवळ जागेचा भाव सांगितला जातो. हा हिशेब अपुरा आहे. मातीची दीड हात जाडीची भिंत दुपारची उष्णता आत पोहोचू देईपर्यंत रात्र होते, आणि तोवर खिडक्या उघडण्याची वेळ आलेली असते. याच जिल्ह्यात महात्मा गांधी १९३६ साली शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहावयास आले, तेव्हा माती, बांबू आणि कवेलू या आसपास मिळणाऱ्या साहित्यातूनच तेथील आदि निवास आणि कुट्या उभ्या राहिल्या. भर उन्हाळ्यात बापू कुटीच्या पडवीत बसून पाहिले म्हणजे या बांधणीचे मर्म कळते. पुढे वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने मातीच्या निमुळत्या पोकळ कौलांची कमानदार छपरे बांधून दाखविली. कौलांच्या पोटातील कोंडलेली हवा तेथे उष्णतेस अडसर होते.

मातीच्या घराचे शत्रू दोन, ओल आणि उधळी. जोते उंच ठेवावे, पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर न्यावे, कवेलू दर पावसाळ्याआधी फेरावेत. या भिंतींना सिमेंटचा गिलावा करणे ही सुधारणा वाटते, प्रत्यक्षात ती हानी आहे. आतली ओल कोंडते आणि काही वर्षांत गिलाव्याचे पोपडे मातीसकट निघतात. माती किंवा चुन्याचा गिलावाच योग्य. असे सुस्थितीत राखलेले घर पाडण्यापूर्वी घेणाऱ्यानेही चार वेळा विचार करावा, आणि विकणाऱ्याने ते दाखविण्यास मे महिन्यातील दुपारचीच वेळ निवडावी.

छप्पर ठीक झाले, तरी ज्याच्या कागदांत खोट आहे ते घर विकले जात नाही, किंवा विकले गेले तरी न्यायालयात परत येते. नगर परिषदेच्या कर आकारणी नोंदवहीत नाव असणे म्हणजे मालकी नव्हे. मूळ खरेदीखत, जागेचे मिळकत पत्रक, बांधकामाची परवानगी, कराच्या पावत्या आणि बँकेचे कर्ज फिटल्याचा दाखला ही सर्व कागदपत्रे एकत्र हवीत. विदर्भात आणखी एक बाब तपासावी लागते. जागा नझूलची, म्हणजे शासनाने पट्ट्याने दिलेली आहे काय? असल्यास पट्ट्याच्या अटी वाचाव्यात आणि हस्तांतरणाविषयी महसूल कार्यालयाकडे आधी चौकशी करावी.

सर्वांत नाजूक प्रश्न वारसांचा. वडिलांनी स्वतः कमावलेले घर असेल आणि ते मृत्युपत्र न करता वारले असतील, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे पत्नी, मुलगे आणि मुली यांना समान वाटा मिळतो. मुलींचा हा हक्क काल-परवाचा नव्हे, १९५६ पासूनचा आहे. एकत्र कुटुंबाच्या वडिलार्जित मिळकतीत मुलींना मुलांप्रमाणे जन्मतः हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला, आणि त्यासाठी २००५ साली वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. तरीही विक्रीच्या दिवशी बहिणीला गाडीत बसवून आणायचे, सही घ्यायची आणि साडी-चोळी देऊन परत पाठवायचे, हा रिवाज अनेक घरांत चालतो. तिची सही ही औपचारिकता नाही. तिला वाटा सोडायचा असेल तर तो तिने समजून-उमजून, नोंदणीकृत हक्कसोडपत्राने सोडावा. सोडायचा नसेल तर विक्रीच्या रकमेतील तिचा हिस्सा तिच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा व्हावा. तिला वगळून केलेल्या व्यवहारात घेणाराही अडकतो, हे घेणाऱ्यानेच विचारून घ्यावे.

शंभर रुपये व त्याहून अधिक किमतीच्या घराची विक्री मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ नुसार नोंदणीकृत दस्तानेच होते. इसारपत्राने मालकी जात नाही. म्हणून इसारावर ताबा देऊ नये. वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्यात २०१५ पासून बंदी आहे, आणि तितकाच दंड होऊ शकतो. मुद्रांक शुल्क शासनाच्या वार्षिक दर तक्त्यातील मूल्य आणि ठरलेली किंमत यांपैकी जी जास्त, तिच्यावर लागते. त्यामुळे दस्तात किंमत कमी दाखवून काही साधत नाही.

त्याच कायद्याने विकणाऱ्यावर आणखी एक कर्तव्य टाकले आहे. घेणाऱ्यास साध्या पाहणीत दिसणार नाही असा मोठा दोष त्याने स्वतःहून सांगितला पाहिजे. रंगाखाली झाकलेली गळती, वाशांना लागलेली उधळी, शेजाऱ्याचा अंगणातून जाण्याचा हक्क, ही याची उदाहरणे. हे सारे इसारपत्रातच लिहून काढावे. भाव थोडा उतरेल, पण पुढे तक्रारीस जागा राहणार नाही.

दस्त नोंदला गेल्यावर सूची क्रमांक दोनची प्रत घ्यावी, मिळकत पत्रकावर आणि नगर परिषदेत नाव बदलण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा, आणि विजेचे मीटर नव्या मालकाच्या नावे करून घ्यावे. विकणाऱ्याने शेवटच्या वीजबिलाची आणि घरपट्टीची पावती मात्र स्वतःजवळ जपून ठेवावी.